मैदानावरचे खिळे

बाबा, आज नातीला फुटबॉलला सोडून आलो आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं. आपलंच ते मैदान, कोळीवाड्याच्या मागचं. आता त्यावर हिरवं नकली गवत अंथरलंय, भोवती उंच जाळी, आत शिरायला पास लागतो. पोरांच्या पायात बूट, नडगीवर प्लॅस्टिकची पट्टी. कोणी पडलं की तिथला मास्तर धावत येऊन गुडघ्यावर फवारा मारतो. तू असतास तर पोट धरून हसला असतास. म्हणजे आधीचा तू. नंतरचा तू काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे.

आम्हा दोघा भावांचा तो पहिलाच मोसम होता. शाळेच्या पीटीच्या सरांनी लहान पोरांची टीम काढली. मी मागे बॅकला आणि धाकटा, जेमतेम माझ्या खांद्याला लागणारा, पुढे कडेला. मुंबईत फुटबॉल पावसाळ्यात खेळायचे आणि पावसाळ्यात आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असायच्या, म्हणून तू घरी. एरवी तू आम्हाला दिसायचास तो झोपलेलाच. त्या वर्षी मात्र एकही मॅच चुकवली नाहीस. गोलाला जाळी नाही हे बघून तुला राहवेना, जुन्या जाळ्याचा तुकडा आणून बांबूंना बांधलास आणि सरांना म्हणालास, "आता जाईल कुठं? गावंलच." सर म्हणाले, शाळेत जुने बूट पडलेत, पोरांच्या मापाचे बघतो. तू उभ्या उभ्या स्वतःची टाच वर करून दाखवलीस. "कोल्याच्या पोराला बूट कशाला ओ? आमचं पाय चिखल धरतात." आमची छाती केवढी फुगली होती! आणि ते खोटंही नव्हतं. बूटवाली पोरं धपाधप पडत आणि धाकटा बोटं रुतवत त्यांच्यामधून निसटून जाई. त्याचा पहिला गोल तुझ्या जाळ्यात बसला, तेव्हा तू छत्री टाकून नाचलास. "गावला रं गावला!" मोठा मासा लागल्यावर ओरडायचास तसाच ओरडलास. तुला इतक्या आनंदात मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

मैदानाच्या एका कोपऱ्यात लग्नाचे मांडव पडायचे. मांडव उतरवणारी माणसं फळ्या घेऊन जात, खिळे तिथंच चिखलात राहत. एका मॅचला त्यातलाच एक गंजका खिळा धाकट्याच्या टाचेत घुसला. रडला नाही तो, एका पायावर उड्या मारत तुझ्याकडे आला. तू खिळा उपसलास. सर म्हणत होते, "दवाखान्यात नेऊन धनुर्वाताची सुई द्या हो याला." तू हसलास. "सर, शिंगाल्याचा काटा रोज घुसतो आमच्या हातात. त्याला कोन सुई देतं?" घरी आईने हळद तेलात कढवली, तू ती गरम गरम टाचेवर दाबून फडकं बांधलंस, आणि पुढच्या मॅचला तो फडक्यासकट खेळला. आपल्या वाड्यात कोणीही हेच केलं असतं. माशाच्या काट्याला हेच करत आलेत सगळे, आणि बरेही होत आलेत. हे मी तुझ्या बाजूने लिहितोय, एवढं लक्षात घे.

जखम वरून छान भरली. नारळी पौर्णिमा आली. होडीला नवा रंग, घरात करंज्या. धाकटा करंजी हातात धरून बसलाय आणि खात नाहीये. "तोंड शिवलंय काय रं?" तू विचारतोस. तो दातांमधून काहीतरी बोलतो, आम्हाला वाटतं नाटक करतोय, मीही हसतो. संध्याकाळी त्याची पाठ ताठ होऊन मागे वाकायला लागली तेव्हा मात्र घरात कोणी हसेना. हॉस्पिटलात त्याला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, खिडकीला घोंगडी लावून, कारण उजेड आला, भांडं वाजलं, तरी त्याला झटका यायचा. डॉक्टरने विचारलं, "खिळा लागल्यावर सुई दिली होती?" तू म्हणालास, "हलद लावली होती." वर्गात उत्तर चुकलेल्या पोरासारखा म्हणालास. तो गेला तेव्हा वाड्यातल्या सगळ्या होड्या समुद्रात होत्या, आपली सोडून.

आई तुला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. बोलायचं तर मलाही होतं. मी तुझ्यावर खूप रागावलो होतो, बाबा, वर्षानुवर्षं. पण पुढच्या पावसाळ्यात होड्या वर आल्या आणि तू होडीतलं पाणी उपसायची बादली घेऊन मैदानावर गेलास. फुटक्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून तो चिखलातून ओढत चालायचास, वाकून खिळे, काचा, पत्रे वेचायचास. दर पावसाळ्यात, रोज सकाळी. पोरं तुला खिळेवाला म्हातारा म्हणायची. म्हातारा कुठला, तेव्हा तर केसही पिकले नव्हते. तू मैदान सोडल्याशिवाय सर शिटी वाजवत नसत. असा माणूस दिसल्यावर मी रागावू तरी कसा? तो राग तसाच आत राहून गेला.

पुढे खरंच म्हातारा झालास. एकदा ओट्यावर बादली रिकामी करत होतास, मी शेजारी बसलो होतो. मान वर न करता विचारलंस, "सुई दिली असती त वाचला असता काय रं तो?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी म्हणालो, "नाय बाबा. सुई देऊनही जातात पोरं. डॉक्टरच म्हणाला होता मला." तू म्हणालास, "बरं."

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, नातीला आणायला जायची वेळ होत आलीय, घडी करून कपाटात ठेवीन. पण एक लिहायचं राहिलं. डॉक्टर मला तसं काहीच म्हणाला नव्हता. सुई दिली असती तर धाकटा वाचला असता, बाबा. माझं खोटं तू खरं मानलंस असं मला त्या रात्रीपुरतं वाटलं. दुसऱ्या दिवशी उजाडलं आणि तू बादली उचललीस.