झाडूचे चौदा हात

सोमवार
आले एकदाची! यात्रेच्या वाटेवरचं हे एवढंसं दगडी प्रार्थनाघर, बाजूला माझी खोली, दाराशी विहीर. सुनेचं तोंड दिसत नाही, याहून मोठं सुख कोणतं? काम एवढंच, यात्रेकरू गुडघे टेकून पुढे गेले की झाडायचं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत झाडूचे चौदा हात. इथल्या कारभाऱ्याने विचारलं, आजी, मागे कोणी विचारणारं आहे का? म्हटलं, कोणी नाही, सगळे मेले. लेकाशी भांडून निघालेली मी, त्याचं नाव कशाला घेऊ! कारभाऱ्याची कळी खुलली. माझ्याआधी झाडणाऱ्या म्हातारीलाही कोणी नव्हतं म्हणाला.

ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, शिव्या यात लिहीत जा, म्हणजे बाबा चिडणार नाहीत. शाळा माझी दुसरीपर्यंत, पण शिव्यांना पुरते.

बुधवार
आज तेराच हात भरले. म्हातारपणी माझा हात लांबला की काय! खोलीत उंदीर फार, म्हणून वही प्रार्थनाघराच्या कोनाड्यात ठेवते. ती आधीची म्हातारी कुठे गेली, विचारलं. कारभारी म्हणाला, लेकीकडे. कोणी नव्हतं ना तिला? मग लेक काय विहिरीतून निघाली?

शुक्रवार
अकरा. बाहेरून दोरी लावून मोजलं, दोनदा. बाहेरून घर आहे तेवढंच आहे. म्हणजे भिंती आतून फुगतायत. कारभारी म्हणाला, जुना दगड आहे आजी, ओल धरतो. ओल कसली मेल्या! हात लावला तर तापातल्या माणसाच्या अंगासारखा कढत.

शनिवार
सात. भिंतीतून झाडूचा दांडा बाहेर आलाय. माझा नाही. ओढला — पलीकडून कोणीतरी ओढला.

एका यात्रेकरूने निरोप आणला. लेक उद्या न्यायला येतोय, नातीने जेवण सोडलंय. मेल्याने सहा दिवस लावले. जाते. सुनेच्या हातचं आळणी खाईन, पण जाते.

रविवार
गाठोडं बांधलं. वही कोनाड्यात राहिलेली. नातीची आहे, टाकवेना. तिरकी होऊन आत शिरले, वही घेतली, वळले —

दार नाही.

दोन हात. झाडू आडवा होत नाही. दगडांच्या फटीतून उजेड येतो, त्यात लिहितेय.

लेकाचा आवाज. आई कुठाय, विचारतोय. तिची शाल आणलीय, म्हणतोय. ओरडले. दगड आवाज पितो —

कारभारी सांगतोय, सकाळीच गेल्या. मुलाचं विचारलं तर म्हणाल्या, कोणी नाही, सगळे मेले.

माझेच शब्द. लेकाने ओळखले.

अरे रागात म्हणाले रे — माझं तोंड तुला माहीत नाही का —

शाल पायरीवर ठेवली. पावलं —

बाळा, जाऊ नको. भिंतीला हात लाव, एकदाच, इथे, मी इथेच —