एकाच पेशीची तीन नावं

अण्णा,

तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, तेव्हा गोड काही वाचायला मिळेल असं समजू नका. नवीन जालन्यातल्या बियाण्यांच्या कंपनीत तुम्ही नमुन्यांची वही सांभाळायचात. सातवीच्या सुट्टीत अक्षर चांगलं म्हणून मला सोबत नेलंत. वडीगोद्रीचे एक काका ज्वारीचा नमुना घेऊन आले. त्यांच्या गावात त्या वाणाला वेगळंच नाव होतं. मी ते कंपनीनं त्या वाणाला दिलेल्या नावाशेजारी लिहिलं. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडलात, "हे काय लिहून राह्यली? वाण एक, तं नाव एक. खोड बिलकुल!"

"पण त्यांच्याकडं असंच म्हणतात ना."

"मंग काय गावागावाचं नाव लिहायचं? खोड म्हन्लं न्हाई का?"

मी खोडलं. काका बघत होते. त्यांनी पिशवीची घडी केली आणि निघून गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मी पुण्यात मेंदूच्या संशोधनाची माहिती लावते. एकाच पेशीला तीन प्रयोगशाळा तीन नावांनी ओळखतात, म्हणून एकीचं काम दुसरीला सापडत नाही. सिमँटिक वेबमध्ये, म्हणजे संगणकाला माहितीचा अर्थ कळावा अशा जाळ्यात, आम्ही त्या पेशीला एक कायमचा पत्ता देतो आणि तिन्ही नावं त्याला जोडतो. मग कुठल्याही नावानं शोधा, संगणक सगळं काम समोर ठेवतो. आमचे साहेब म्हणाले, एक नाव ठेवा, बाकीची काढा, महिन्यात उरकेल. मी भर बैठकीत नाही म्हणाले. "तुमची एक जरी जोडणी चुकली, तरी हे काम बंद," ते म्हणाले. "करा बंद," मी म्हणाले. तुम्ही असतात तर त्यांच्याच शेजारी बसला असतात. बसा खुशाल. मी एकही नाव खोडणार नाही.

पण गेल्या आठवड्यात मी दोन नावं एकाच पेशीची समजून जोडली. मूळ शोधनिबंध वाचलेच नाहीत. पेशी वेगळ्या निघाल्या, आणि एकीवरचे निष्कर्ष दुसरीखाली दिसायला लागले. तुम्ही तर कुठलेही दोन वाण शेजारी शेजारी पेरून, कणसं हातात घेतल्याशिवाय एक म्हणत नव्हता. हे मात्र तुमचं बराबर होतं.

चूक अजून कुणाला दिसलेली नाही. उद्या साहेबांना मीच सांगणार आहे, आणि नावं तरीही सगळी ठेवा म्हणून पुन्हा भांडणार आहे. फक्त आज दुपारी, अण्णा, कुणाला न सांगता ती जोडणी पुसून टाकायला मी बसले होते.