सुलक्षणाबाईंनी तुमचं नाव दिलंय

देवपूर, धुळे
१६ जून २०२५

सौ. सुलक्षणाबाई लोटन बोरसे यांस,
नमस्कार. 'सप्रेम' मुद्दामच लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नये.

अकरा वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात, मोठ्या जावेशी यापुढे बोलणार नाही. मीही तेच म्हणाले. लिहिणार नाही असं मात्र दोघींपैकी कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून हा कागद.

काल दुपारी मी ओट्यावर तूर पाखडत होते, तेवढ्यात फोन आला. कोणी गोड आवाजाची मुलगी होती. म्हणाली, जळगावच्या सुलक्षणाबाईंनी तुमचं नाव दिलंय, त्यांना तुमच्या तब्येतीची फार काळजी वाटते, तुम्हीही त्यांच्यासारखं पाणी गाळायचं मशीन घ्यावं अशी त्यांची इच्छा आहे. माझ्या हातातलं सूप तिथेच कलंडलं. अकरा वर्षांत माझा गुडघा बदलला, मयुरी सून म्हणून घरात आली, नातू झाला. तेव्हा कुठे होती ही काळजी? आता मशीन विकायला निघालात तेव्हा जाऊ आठवली!

समेट करायचा तर माणूस दारात येतो, परक्या पोरीला पुढे करत नाही. आमचं पाणी चांगलं आहे. तुमचं मशीन तुम्हाला लखलाभ.

कळावे. लोभाचा प्रश्नच नाही.
शेवंताबाई


पिंप्राळा, जळगाव
२२ जून २०२५

सौ. शेवंताबाई जीवराम बोरसे यांस,
नमस्कार वि. वि. 'सप्रेम' माझ्याही घरात शिल्लक नाही.

मी कोणाचंही नाव कोणालाही दिलेलं नाही. तुमचं तर झोपेतही देणार नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, एका शब्दाने कधी खोटं बोलले नाही, आणि आता माझ्या तोंडून न निघालेलं वाक्य माझ्या नावावर गावोगाव फिरतंय. पहूरला माझी मावशी भिकुबाई, तिला फोन गेला. ज्यांच्या अंत्यविधीला मी जाऊन आले, त्या मुख्याध्यापकांच्याही नंबरवर फोन गेला. त्यांच्या विधवेला सांगण्यात आलं की सुलक्षणाबाईंना साहेबांच्या तब्येतीची काळजी वाटते. मी दोन दिवस घराबाहेर पडले नाही.

झालं ते असं. मशीन आम्ही दोन वर्षांपूर्वी घेतलं, रोख घेतलं, ते आमचं आहे. मे महिन्यात एका सकाळी त्यावर लाल दिवा लागला आणि नळ बंद. फोनवर निरोप आला की अपडेट केल्याशिवाय पाणी मिळणार नाही. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन, घरात यांच्या मित्रमंडळींचा घोळका. मी ओल्या बोटाने 'मान्य आहे', 'मान्य आहे' असं चार वेळा दाबलं. चौथ्या वेळी माझ्या फोनमधले तीनशे सत्तेचाळीस नंबर त्यांनी उचलून नेले. आता मला सांगा, पाणी गाळायला माझ्या पहूरच्या मावशीचा नंबर कशाला लागतो? वर परवा मशीनने मलाच विचारलं, आज पाणी नेहमीपेक्षा जास्त गेलं, पाहुणे आलेत का! अंगाचा तिळपापड झाला. वायर उपटली, मशीन अंगणात नेलं आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या.

समेटाचं म्हणाल, तर श्रावणात घरात बसणाऱ्या कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजायचा असतो, हे लग्नानंतर तुम्हीच मला शिकवलंत. अकरा वर्षांपूर्वी माझ्या योगराजची मूठ तुम्ही वगळलीत. तो नाशिकला वसतिगृहात शिकत होता, जगातून गेलेला नव्हता. ते मी विसरलेले नाही. तेव्हा काळजीचा गैरसमज नसावा.

त्या कंपनीला मात्र मी सोडणार नाही. माझं नाव जिथे जिथे नेऊन टाकलंय, तिथून तिथून त्यांनी ते परत उचलून आणलं पाहिजे.

सौ. सुलक्षणा


देवपूर, धुळे
३० जून २०२५

सौ. सुलक्षणास नमस्कार.

'तुम्ही' लिहिता लिहिता बोटं आखडली, म्हणून या खेपेला 'तू' लिहिते. त्याचा जास्त अर्थ काढू नकोस. मुठीचा विषयही आता काढू नकोस, तो वेगळा आहे.

तुझं पत्र मयुरीने वाचलं. मला दिसतं, पण तुझं अक्षर मास्तरणीचं असलं तरी बारीक. मयुरीने तेच अ‍ॅप आपल्या फोनवर घेऊन बघितलं. तू खोटं बोलली नाहीस. त्यांनी खरंच सगळे नंबर मागितले, आणि नाही म्हटलं की पुढे सरकतच नाही. मी तुला आधी बोल लावला, तो मागे घेते. एवढाच.

राग मला वेगळाच आलाय. तुझं-माझं भांडण आहे, ते आपण दोघींनी मेहनतीने अकरा वर्षं सांभाळलंय. त्यात या उपटसुंभाने येऊन तोंड घालावं आणि तुझ्या नावाने माझ्याशी गोड बोलावं? भांडण आपल्या घरचं आहे, ते वापरायला त्यांना कोणी दिलं?

आता ऐक. त्या मुलीने मला एक गोष्ट सांगितली होती. ज्याचं नाव आलंय त्याने होकार दिला, की अठ्ठेचाळीस तासांत त्यांचा माणूस मशीन घेऊन घरी येतो, बसवून दाखवतो, पाणी तपासतो, सगळं फुकट. मयुरी सांगते, तो वेळेत आला नाही तर तक्रार आपोआप वरच्या ऑफिसात जाते आणि त्याच्या नावापुढे लाल खूण पडते. म्हणजे तुझ्यावर नजर ठेवतात तशी त्याच्यावरही ठेवतात. त्यांनी तुझी यादी नेली ना? मग वापरू दे की. आपण बठ्ठासले, सगळ्या गोतावळ्याला, होकार द्यायला सांगू. धुळ्याकडची माझ्याकडे, जळगावकडची तुझ्याकडे.

मशीन कोणी घ्यायचं नाही. जेवू घालायचं, बसवून ठेवायचं, आणि तो निघताना प्रत्येकाने एकच सांगायचं, की आधी सुलक्षणाचं नाव मिटवून या.

लोभ नाही, पण या कामापुरती मी तुझ्या बाजूला आहे.
शेवंताबाई


पिंप्राळा, जळगाव
१० जुलै २०२५

सौ. शेवंताअक्कांस,
स. न. वि. वि. यातला 'स' बघून घ्या, दहा दिवसांत कमावलाय तुम्ही.

माझी सुरुवात पहूरपासून झाली. कंपनीचा एरिया मॅनेजर योगेंद्र नावाचा आहे, बूट चकचकीत, गळ्यात पट्टा. भिकुबाई मावशीने त्याच्याकडून विहिरीचं पाणी तपासून घेतलं, मग हातपंपाचं, मग टाकीचं, मग शेजारणीच्या माठातलं. शेवटी म्हशीच्या हौदापाशी नेलं. चार वाजता त्याने विचारलं, मावशी, मग घेणार ना? मावशीने त्याला सांगितलं म्हणे, भाऊ, पानी आमचं गोड हाये, तुह्या मशीनचीच नियत बरी नाही. मग सुलक्षणाच्या नावाचं सांगून परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तो वना भाऊंच्या मळ्यात गेला. तिथे दिवसा वीज नसते. वीज येईपर्यंत पाहुण्याने थांबावं असा वना भाऊंचा आग्रह होता, आणि वना भाऊंचा आग्रह तुम्हाला माहीत आहे.

मुख्याध्यापकांच्या पत्नी सुनंदाबाईंनीही स्वतःहून होकार कळवला. त्यांनी योगेंद्रला साहेबांच्या फोटोसमोर बसवलं आणि म्हणाल्या, यांच्या तब्येतीची चौकशी करायला आलात ना, करा. त्याने फोटोला हात जोडले आणि मशीन न उघडताच निघाला. हे ऐकून मला रडू आलं आणि बरंही वाटलं. लपवत नाही.

माझ्याकडून आजवर तेवीस घरं झाली. विक्री शून्य. तुमच्याकडचं कळवा. गुडघ्याला जपा, तो विषय मुठीपेक्षा वेगळा आहे.

लोभ असल्यास कळवावे.
सुलक्षणा


देवपूर, धुळे
१८ जुलै २०२५

चि. सौ. सुलक्षणास अनेक आशीर्वाद.

माझ्याकडची एकोणीस घरं झाली. शिंदखेड्याला हिलाल भाऊंनी त्याला हिरव्या मिरचीच्या ठेच्याबरोबर कळण्याची भाकरी वाढली आणि त्याने पाणी मागितलं, तेव्हा आधी तुमच्या मशीनचं प्या म्हणून सांगितलं. मशीनला अपडेट हवं होतं. बिचारा नाकातोंडातून पाणी काढत बसून राहिला, आणि मशीनवरचं अपडेटचं चक्र फिरत राहिलं. शिरपूरच्या सुपडूने तर दारातच सांगितलं, भाऊ, पानी चांगलं शे, पन तुनं मशीन चोर शे. मी हे ऐकून इतकी हसले की मयुरी धावत आली.

आता एक गंमत ऐक आणि लोटन भाऊजींना समोर बसवून वाच. परवा आमच्या यांच्या तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या फोनवर निरोप आला, की पारोळ्याच्या अमुक चहाच्या हॉटेलला तुम्ही चौतिसाव्यांदा भेट दिलीत, सेवा कशी वाटली? मी विचारलं, पारोळ्याला कशाला? हे तर दर संकष्टीला दातांच्या डॉक्टरकडे जातात! तोंडात दात उरलेत सहा. मग सगळं बाहेर आलं. दोघे भाऊ अकरा वर्षं पारोळ्याला भेटून चहा पितात. तुझ्याकडे भाऊजी काय सांगून निघतात ते बघ. या फोनचा मला राग आहेच, पण त्या दिवशी थोडा कमी आला.

यांना बोलायचं ते बोलून झालं, मग मी ओट्यावर येऊन बसले आणि मुठीचा विषय माझा मीच काढला. मी विसरले असेन असं वाटत होतं का तुला? मी विसरले नव्हते. त्या वर्षी तू शाळेचं कारण सांगून कानबाईला दोन दिवस उशिरा आलीस. सारवण, दळण, रांधणं, बठ्ठं माझ्या एकटीच्या अंगावर पडलं. गहू मोजताना योगराजची मूठ मी हातात घेतली होती. राग आला आणि परत पोत्यात टाकली. वाटलं, एवढ्या गर्दीत कोण मोजतंय? तू मोजत होतीस. तेव्हापासून दर वर्षी कानबाईपुढे बसते, तर ती मूठ आठवते. माझी चूक होती. हे तोंडाने बोलायला जमलं नसतं, लिहायला जमलं.

यंदा कानबाई तीन ऑगस्टच्या रविवारी आहे. बाकी तू शहाणी आहेस.

लोभ आहे, पहिल्यापासून होता, भांडणाखाली दडपला होता.
शेवंता


पिंप्राळा, जळगाव
२७ जुलै २०२५

ती. अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींना विचारा, यांना मी काय विचारलं. आमचे हे दर संकष्टीला पद्मालयाच्या गणपतीला जातात, अशी माझी अकरा वर्षं समजूत होती. मी उपासाची भगर करून वाट बघायची, आणि हे पारोळ्याला भजी खाऊन यायचे. गणपतीच्या नावावर! सध्या त्यांना मी रोज भगर वाढते.

आता मुख्य बातमी. गुरुवारी योगेंद्र आपणहून दारात आला. बेचाळीस घरं फिरून एक मशीन खपलं नाही, त्याच्या नावापुढे लाल खुणांची रांग लागली. त्याच्या फोनवर वरून रोज विचारणा होते, की पहूरला एका घरात नऊ तास काय करत होता. म्हणाला, बाई, माझ्या आईलाही माझ्याच नावाने फोन गेला होता, हे सगळं वरून ठरतं, माझ्या हातात काही नाही. मी त्याला हंड्यातलं थंड पाणी दिलं आणि म्हटलं, तुझ्या हातात पेन तर धरता येतं ना?

कंपनीने तोवर एकाहत्तर जणांना फोन केले होते. त्यांची छापील यादी मी त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याला पडवीत बसवलं. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, स्वतःच्या हाताने, खाली सही: 'सुलक्षणाबाईंनी आपलं नाव दिलेलं नव्हतं. आम्ही ते त्यांच्या फोनमधून न सांगता घेतलं आणि त्यांच्या नावाने खोटं बोललो.' पहिल्या पानावरच त्याने गयावया केली, की निदान 'खोटं' तरी काढा. मी म्हटलं, तेच तर खरं आहे. तीन दिवस लिहीत होता. शुद्धलेखन मी तपासलं, अकरा पत्रं पुन्हा लिहायला लावली. सुनंदाबाईंचं पत्र चार वेळा. बोटं सुजली त्याची. माझ्या मनाला अजिबात वाईट वाटलं नाही.

जाताना त्याने मशीन परत मागितलं. मशीन बंद पडल्याची तक्रार आपोआप वर गेली आहे, ते नेलं तर ती मिटल्याची नोंद होते. मी दिलं नाही. त्यावर मिरच्या वाळतायत आणि तक्रार उघडी आहे. रोज सकाळी वरच्या ऑफिसात लाल दिवा लागत राहू दे.

मात्र एकाहत्तरांपैकी सत्तरच पत्रं टाकली, हे तुम्हाला सांगायला हवं. यादीत चौथ्या क्रमांकावर शेवंताबाई जीवराम बोरसे, धुळे, असं होतं. योगेंद्रने ते नाव लिहायला घेतलं, तेव्हा मीच लाल पेनाने त्यावर काट मारली. त्याने विचारलं, यांना नाही का सांगायचं, की तुम्ही नाव दिलं नव्हतं? मी म्हटलं, नको, यांचं मी दिलं होतं. अक्का, आयुष्यातलं हे पहिलं खोटं. तुम्ही ते पुढे कोणाकडे फोडू नका.

शनिवारी दुपारच्या बसने आम्ही तिघेही येतोय, योगराजनेही नाशिकहून रजा काढली आहे. सारवण मी आल्यावर करीन, तुम्ही गुडघा वाकवू नका. गहू निवडून ठेवा, पण मोजू नका. मूठ माझ्यासमोर भरायची, आणि पहिली योगराजची.

लोभ आहेच, तो वाढता ठेवा. आणि ध्यानात असू द्या, यंदा एक मूठ जरी कमी पडली, तर पुढची बावीस वर्षं मी बोलणार नाही आणि लिहिणारसुद्धा नाही.

आपली,
सुलक्षणा