पाकिटातल्या गोळ्या कमी कशा होतात

३ तारीख, सोमवार
डोकं माझं दुखायचं, आणि वर त्याची वहीही मीच लिहायची. दिवसभर लॉन्ड्रीत उभं राहून गरम चादरींना इस्त्री मारायची, पायांचे खांब होतात, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात लिहा. कधी दुखलं, कशामुळे, गोळ्या किती. पोरीचं वेगळ्या पानावर. पोरगी दहा वर्षांची, तिला कसली आलीय डोकेदुखी. मोठ्यांची गोळी तिला द्यायची नाही म्हणाल्या. मी काय वेडी आहे द्यायला.
ठरवलं. आठवड्याला दोनच गोळ्या. मी शब्दाची पक्की आहे.
दुखलं. कशामुळे: डॉक्टरीणबाई. गोळ्या: दोन. आठवडा उद्यापासून धरते.

५, बुधवार
दुखलं. कशामुळे: शिट्टी. आमचा सुपरवायझर, आधी शिट्टी मारतो, मग बोलतो. गोळी एक. नंतर अजून एक, पण ती कंबरेसाठी, म्हणून धरली नाही.
पोरगी शाळेतून आली ती उशीत तोंड खुपसून पडली. उजेड नको, आवाज नको, मळमळतंय. उद्या गणिताची परीक्षा आहे हे मला माहीत नाही असं वाटतं तिला. चांगली झाडली. म्हटलं, परत डोक्याचं नाव काढलंस तर बघ.

६, गुरुवार
पोरगी उपाशीच गेली. मला साडेसहाची ड्यूटी. भरवत बसू कधी?
गोळ्या: दोन. शिट्टीच.

८, शनिवार
तीन दिवस पोरगी डोक्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. ह्यांना सांगितलं, बघा, औषध नाही काही नाही, एका झाडण्यात बरी केली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे शिकायला यावं.
पाकिटात सहा गोळ्या हव्या होत्या, चारच निघाल्या. ह्यांना विचारलं. नाही म्हणाले. इतकं पटकन नाही म्हणाले म्हणजे हेच.

१२, बुधवार
परत दोन कमी. पाकीट बटणांच्या डब्यातून काढून वरच्या फळीवर ठेवलं. माझे गुडघे वर चढू देत नाहीत, पोरीलाच खुर्चीवर चढवली. आता बघते ह्यांना कसं सापडतं ते.
गोळ्या: दोन. टेन्शनमुळे.

१५, शनिवार
ह्यांचे खिसे तपासले. काही नाही. माणूस हुशार आहे. दोन दिवस अबोला धरलाय.
पोरीचं पान कोरं. बघूनच बरं वाटतं. हल्ली स्वतःहून पडदे ओढते, टीव्ही बारीक करते. समजूतदार झाली.

१९, बुधवार, दुपार
शिट्टी आला, शिट्टी न मारता. तेव्हाच मी इस्त्री खाली ठेवली. शाळेतून फोन होता. पोरगी वर्गात उलट्या करून पडली.
तशीच गेले, ऍप्रनवर. ऑफिसातल्या बाकावर झोपवलेली, डोळ्यांवर ओला रुमाल. तिच्या बाईंनी कंपासपेटी उघडून माझ्यापुढे ठेवली. खोडरबराखाली माझ्या गोळ्या. अर्ध्या अर्ध्या केलेल्या, म्हणजे जास्त दिवस पुरतील.

२०, गुरुवार
डॉक्टरीणबाईंनी पोरीला नीट तपासलं. जिवाला भीती नाही. पोट मात्र खवळलंय, उपाशीपोटी गोळ्या घेऊन. अर्धशिशी आहे म्हणाल्या. लहान मुलांनाही होते, आईला असली तर जास्तच. नाटक नाही ते.
मग माझं पान बघितलं, न लिहिलेल्या गोळ्याही कबूल करायला लावल्या. सतरा दिवसांत सव्वीस गोळ्या. इतक्या गोळ्या घेतल्या की त्यांनीच डोकं धरतं म्हणे. कशामुळेची एवढी यादी लिहिली, ती त्यांनी वाचलीसुद्धा नाही. दोघींनी वेळेवर खायचं, पाणी प्यायचं, झोपायचं. पोरीला दुखलं की तिनं लगेच आईला सांगायचं, गोळी त्या लिहून देतील तीच आणि तेवढीच. शनिवारी परत यायचं, पोरीचंही पान भरून.
लगेच आईला सांगायचं म्हणाल्या तेव्हा पोरगी फरशीकडे बघत होती.
पाकीट ह्यांच्या हवाली केलं. माफीही मागणार होते, पण डोकं ठणकत होतं.
दुखलं. कशामुळे: नाव सुचत नाही. गोळ्या: शून्य.
हे लिहितेय तोवर पोरगी दारात येऊन उभी. म्हणाली, "परत दुखलं आणि सांगितलं, तर ओरडशील?"
मी म्हटलं, बघू.
"बघू नाही. शनिवारी परत दवाखान्यात जायचंय. त्याच्या आत सांग."