तिचा उजवा हात

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. पुढे मी काय काम करू लागले, ते तुम्हाला कळलंच नाही. दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत मी एका माकडिणीला शिकवते. पडद्यावर ठिपका उजळला की तिने उजवा हात पुढे करून त्याला स्पर्श करायचा, मग तिला फळांचा रस मिळतो. तिच्या कवटीत नखाएवढी काच बसवली आहे. तिच्यातून सूक्ष्मदर्शकाने मेंदूच्या पेशी दिसतात. हात हलायच्या किंचित आधी त्या चमकतात.

या कामाकडे मी वळले ती आपल्या मालवणच्या स्वयंपाकघरातून. अजून डोळ्यांपुढे आहे: पक्षाघातानंतर तुम्ही चहाच्या कपाकडे नुसते बघत बसला आहात. "हात माझोच आसा गो, पण आयकणा नाय," म्हणता. शाळेची एसटी चुकेल म्हणून मी घाईने कप तुमच्या ओठांना लावते. चहा सदऱ्यावर सांडतो. "माका करूक दी!" तुम्ही ओरडलात. त्याआधी कधी तुम्ही माझ्यावर आवाज चढवला नव्हता.

आता तुमच्या श्राद्धाला घरी आलेय. सकाळीच आमच्या पशुवैद्य बाईंचा फोन आला. काचेच्या कडेने पू झालाय, माकडिणीला ताप आहे. फोनवरच त्यांच्या मागून आमचे सर म्हणाले, "आठवडाभराच्याच नोंदी राहिल्यात. औषध देत उरकून घेऊ." पण प्रयोग माझ्या नावावर आहे, निर्णय माझा. दोन वर्षं तिला शिकवण्यात गेली होती. "थांबवा," मी म्हटलं, "आजच काच काढा."

दुपारी शस्त्रक्रिया झाली. माझं ताट वाढलेलं तसंच राहिलं, फोन हातातून सुटत नव्हता. संध्याकाळी निरोप आला, शुद्धीवर आली, केळ्याचा तुकडाही घेतला. पण डाव्या हाताने. उजवा अजून उचलत नाही. बाई म्हणतात, मेंदूची सूज उतरली की उचलेल. नाही उचलला तर? तुमचा हात आजाराने गेला होता, बाबा. तिचा धडधाकट होता.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून सांगते. मघाशी मी आईला देवळात, आजार बरा व्हावा म्हणून देवाला गाऱ्हाणं घालून घ्यायला पाठवलं. "कोणासाठी गो?" तिने विचारलं.

"माझ्यावांगडा काम करता, ती आजारी आसा."

माझ्यासोबत काम करणारी ती माकडीण आहे, हे काही मी बोलले नाही.