सृष्टीच्या अंगावरच्या गांधी

सोलापूर,
मंगळवार

प्रिय सुकन्या,

मंगळवेढ्याला पोचल्याचा तुझा फोन आला. सृष्टी आजोळी रमलीय, रात्री नीट झोपते, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर मला सगळं बोलता येत नाही. म्हणून सातवी पास बाईच्या अक्षरात हे पत्र. समजून वाच.

तीस वर्षं मी शेंगाची चटणी कुटतेय. आपल्या घरात कालवणात कूट, भाकरीवर चटणी, कढईत शेंगतेल. अशा घरात तीन वर्षांच्या नातीच्या अंगावर लाल गांधी उठायला लागल्या, तेव्हा पित्त उठलंय म्हणून मी आमसुलाचं पाणी चोळलं. तू मात्र वही काढलीस. गांधी कधी उठल्या, त्याआधी पोरीनं काय खाल्लं, किती वेळानं उतरल्या, असं तीन आठवडे लिहीत राहिलीस. पोरीचं अंग खाजतंय आणि ही लिहीत बसलीय, असं मी माझ्या लेकाला, तुझ्या नवऱ्याला ऐकवलं होतं. डॉक्टरांनी ती वही पहिल्या पानापासून वाचली, रक्त तपासायला पाठवलं आणि शेंगदाण्याचं नाव घेतलं.

मला तो माझा अपमान वाटला. "आमच्यात कुणाला कधी झालं न्हाय," म्हणाले मी. तू आवाज चढवला नाहीस. चटणी बंद करा असंही म्हणाली नाहीस. उखळ अंगणापलीकडच्या खोलीत हलवलंस, सृष्टीचा तवा आणि डाव वेगळा केलास, करडईचं तेल आणलंस, भाजीला कारळाचं कूट वापरायला लागलीस. मला एवढंच सांगितलंस, "आत्याबाई, कुटून आलात की साबणानं हात धुवा, मगच तिला घ्या." नुसत्या गांधी असतील तर डॉक्टरांनी दिलेलं औषध आणि गार पाण्याची पट्टी. पण ओठ सुजले, श्वास लागला, उलट्या झाल्या तर घरी एक क्षण थांबायचं नाही. हे तू मला शिकवलंस, शेजारच्या रुक्सानालाही शिकवलंस. मी अर्ध्या कानानं ऐकलं, तिनं पूर्ण ऐकलं.

त्या गुरुवारी तू बाजारातून आलीस तेव्हा सृष्टीच्या मानेवर गांधी होत्या. बघता बघता ओठ फुगले, छाती घरघरायला लागली. मी देवापुढं अंगारा शोधत होते. तू थेट रुक्सानाच्या नवऱ्याला हाक मारलीस. रहिमतुल्लानं जेवणावरून उठून रिक्षा काढली. रस्ताभर तू पोरीला मांडीवर बसतं धरून सारखी म्हणत होतीस, "बघ, आई हितंच हाय की." दवाखान्यात शिरताच सांगितलंस, "शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, श्वास लागलाय." मांडीत सुई गेली आणि थोड्या वेळानं पोरगी मोठ्यानं रडली. ते रडणं ऐकलंस आणि तू भिंतीला टेकून खाली बसलीस. तेव्हा मला कळलं, तूही तेवढीच घाबरली होतीस. एवढी भीती पोटात ठेवून कुणी इतकं नीट वागू शकतं, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर तू मला विचारलंस, तिनं काय खाल्लं होतं. मी म्हणाले, रुक्सानाकडून नानकटाई खाऊन आली. तू रुक्सानाला एक शब्द बोलली नाहीस, फक्त सृष्टीला तिकडं पाठवणं थांबवलंस. रुक्साना मात्र घरातले सगळे डबे उपसून बसली. आपल्या हातून पोरीच्या पोटात काय गेलं, हे शोधत होती बिचारी.

नानकटाईत काही नव्हतं, सुकन्या. भाकरीच्या घासाला चटणी मी लावली होती, माझ्या हातानं. एवढ्याशानं काय होतंय, हे मला तुला दाखवून द्यायचं होतं. आज सकाळी रुक्सानाच्या दारात जाऊन मी हे सांगितलं. तिनं हातातला डबा खाली ठेवला. मग एवढंच म्हणाली, "सुकन्याला सांगितलंत का, मावशी?" म्हणून लगेच लिहायला बसले. पोरीला माझ्याजवळ एकटं ठेवायचं की नाही, ते तू ठरव. तू ठरवशील ते मी ऐकेन, या वेळी पूर्ण कानानं. माझ्यावर रागवायला तुला खूप दिवस आहेत. आधी रुक्सानाला फोन कर.

तुझीच,
अंबुबाई