रोपांच्या खोलीच्या भिंती

आई, बाबा,

"तुझे बाबा एवढे चांगले सुतार, मग तुमच्याच घरातल्या भिंतीचं प्लायवूड कसं कुजलं?" हे बाबांना तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. काल जेवताना मी विचारलं आणि बाबा ताटावरून उठले. तेव्हापासून मला चैन नाही. सकाळपासून तीनदा रोपांच्या खोलीत जाऊन आले.

बाबा, तुमच्या हाताची चूक नाही हो! दिव्यांखाली रोपं वाढवायची म्हणजे खोली कायम दमट राहणार, तिथे कसलंही लाकूड बुरशी धरणारच. माझी टोमॅटोची चाळीस रोपं त्यातच गेली. भिंतीला लाकडाऐवजी लावतात त्या प्लास्टिकच्या पट्ट्या पुसता येतात, पांढऱ्या घेतल्या तर उजेडही वाढतो. याच पट्ट्यांनी तुमची गिऱ्हाइकं पळवली, म्हणून घरात त्यांचं नाव काढायचं नाही, हे मला कळतं. आई म्हणते, "तू गप्प बस." पण आई, मी गप्प बसून भिंत सुकणार आहे का?

कुजलेली फळी काढून दाराबाहेर ठेवली आहे. ती उचकटायला घेतलेली तुमची पटाशी पुसून जागेवर ठेवली, ओरडू नका.

तर माझं ठरलं: भिंती प्लास्टिकच्याच होणार, आणि त्यांना बाबांशिवाय कुणाचा हात लागणार नाही. बाबा, मी शाळेतून येईपर्यंत मापं घेऊन ठेवा.